सालाकच्या टोपलीची नोंद

ज्या दारावर ‘सर्वांस प्रवेश’ असे लिहिलेले असते, त्या दारासमोर उभा राहिलेला प्रत्येक बाप मनातल्या मनात एकच प्रार्थना करीत असतो : हे दार सर्वांसाठी उघडे राहो, आणि माझ्या लेकरासाठी किंचित अधिक उघडे राहो. या प्रार्थनेचा पूर्वार्ध धर्म आहे, उत्तरार्ध माया आहे, आणि दोहोंच्या मध्ये जी अरुंद फट राहते तिच्यात भल्याभल्यांचा पाय अडकतो. माझाही अडकला. सदतीस वर्षे सरकारी शाळेत जावाची ‘कवी’ नावाची जुनी भाषा शिकवून, त्या भाषेसाठी तरुणपणी संस्कृतची रूपे घोकून, कोणाच्याही कपभर कॉफीचा मिंधा न होता मी निवृत्त झालो. आज जिल्हा कचेरीच्या भेटवस्तूंच्या नोंदवहीत माझे नाव दोन वेळा आहे. ते तिथे कसे गेले हे लोकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेले बरे. लोक टोपलीचा आकार वाढवून सांगतात.

माझ्या मुलीचे नाव विद्यानिंग्रुम; घरी निंग्रुम. जिल्हा ग्रंथालयाच्या पोथ्यांच्या खोलीत ती अकरा वर्षे कंत्राटी कामाला आहे. मेरापी आणि मेरबाबू या डोंगरांच्या उतारांवरच्या जुन्या मठांतून आलेली ताडपत्रे तिथे ठेवलेली आहेत. एकेका पानावरची बुरशी मऊ कुंचल्याने झाडायची, वरून गवती चहाच्या तेलाचा बोळा फिरवायचा, आणि पान कापडात गुंडाळून जागेवर ठेवायचे, हे तिचे काम. तिच्या हातांना कायम त्या तेलाचा वास येतो. दर डिसेंबरात तिचा करार संपतो आणि जानेवारीत पुन्हा सुरू होतो. मधल्या चार-पाच दिवसांत ती सरकारच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. त्या दिवसांत ती घरी तव्यावर तेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, चकत्या परतते आणि कोणाशी फारसे बोलत नाही.

आमच्या घरात आणखी एक वस्तू अकरा वर्षे वाट पाहत होती. निंग्रुमला पदवी मिळाली त्याच आठवड्यात माझ्या पत्नीने, बू सुवार्तीने (आमच्याकडे बाईला आदराने ‘बू’ म्हणतात, पुरुषाला ‘पाक’), सोलो शहराच्या बाजारातून खाकी कापड आणले होते. कायम नोकरीतली माणसे सोमवारी आणि मंगळवारी खाकी घालतात. कंत्राटी लोक पांढरा सदरा आणि काळी विजार. दर ईदेच्या आधी कपाट आवरताना सुवार्ती ते कापड बाहेर काढी, ऊन दाखवी, निंग्रुमच्या खांद्याला लावून बघे आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांत ठेवून देई. पहिली काही वर्षे निंग्रुम हसत असे. नंतर कपाट आवरायच्या दिवशी तिला नेमके बाहेर काम निघू लागले.

अशा स्थितीत जाहिरात निघाली. पोथ्यांच्या खोलीसाठी एक कायम पद. संपूर्ण जिल्ह्यात एक. परीक्षा यंत्रावर, गुण तत्काळ, आणि बाहेरच्या मोठ्या पडद्यावर सर्वांसमक्ष. अट एवढीच की अर्ज भरण्याच्या दिवशी उमेदवाराला पस्तीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत. अर्जांची मुदत संपल्यानंतर अकराव्या दिवशी निंग्रुमचा पस्तिसावा वाढदिवस होता. तो अकरा दिवसांचा अवधी मी हाताच्या बोटांवर इतक्या वेळा मोजला की शेवटी सुवार्ती म्हणाली, “पाक, मोजून वाढणार नाहीत. चहा प्या.”

जाहिरात निघाली त्याच संध्याकाळी सल्ला देणारे ओसरीवर येऊन बसले. पहिले अर्थातच पाक तुकिजान. हे गृहस्थ बदके पाळतात आणि सरकार कसे चालते हे त्यांना माहीत असते. त्यांच्या मते पडदा वगैरे सगळे लोकांना दाखवण्यापुरते होते. खरी गोष्ट म्हणजे आतला माणूस. त्यांच्या चुलत मेहुण्याचा जावई पाणीखात्यात लागला तो आतल्या माणसामुळेच. मी त्यांना निःपक्षपाती निवडीचे तत्त्व, यंत्राची रचना आणि राज्यसंस्थेचे नैतिक अधिष्ठान या तीन विषयांवर सुमारे अर्धा तास समजावून सांगितले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते सगळं बरोबर आहे, पाक गुरू. पण आत कोण आहे आपलं?”

दुसरा सल्ला कोपऱ्यावर भाताचे हॉटेल चालवणाऱ्या बू सारिनेम यांचा. डोंगरात त्यांच्या माहितीचे एक सत्पुरुष होते. ते उमेदवाराच्या पेन्सिलीवर फुंकर घालीत आणि पेन्सिल योग्य उत्तराकडे आपोआप वळे. परीक्षा यंत्रावर आहे, पेन्सिल नाही, हे निदर्शनास आणून दिल्यावर त्या जराशा विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला की सत्पुरुष माऊसवरही फुंकर घालतात, फक्त तो त्यांच्याकडे घेऊन यावा लागेल. परीक्षागृहातला माऊस काढून डोंगरावर नेण्याचे धैर्य आमच्या कुटुंबात कोणाकडेही नव्हते.

अर्ज भरणे हा पुढचा अध्याय. उमेदवाराचे छायाचित्र लाल पार्श्वभूमीवर हवे होते. मी गुरुजनोचित काटकसरीने घरीच काढायचे ठरवले आणि लग्नाच्या मांडवातला एक पडदा मागून आणला. यंत्राने ते छायाचित्र नाकारले, कारण निंग्रुमच्या डाव्या कानामागून एक सोनेरी मोर डोकावत होता. शेवटी ती स्वतःच स्टुडिओत गेली आणि दहा मिनिटांत परत आली. मोर असलेले छायाचित्र सुवार्तीने फ्रेम करून ठेवले. ते तिला अधिक आवडते.

त्यानंतर मुद्रांक. हमीपत्रावर सरकारी तिकीट लावायचे, परंतु कागदी नव्हे, यंत्रातले. आणि ते विकणारी साइट चार दिवस बंद पडली होती. देशातले सगळे उमेदवार एकाच वेळी तिकीट लावायला गेले की असे होणारच, असे निंग्रुम म्हणाली आणि कामावर गेली. मला मात्र दिसत होते की मुदत लांबून अर्ज त्या अकरा दिवसांपलीकडे गेला तर ती बाद. माझ्या टेबलाच्या खणात जुन्या काळची कागदी तिकिटे होती. ती चालतील का, एवढाच माझा प्रश्न. आणि या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा मनुष्य मला ठाऊक होता : हानुंग, माझा जुना विद्यार्थी, आता जिल्हा कचेरीत भरती विभागाचा प्रमुख.

वाचकांनी इथे माझा हेतू नीट ध्यानात घ्यावा. मी वशिला लावायला निघालो नव्हतो. मी तिकिटाविषयी विचारायला निघालो होतो. परंतु माझ्या आईने मला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे कोणाच्याही उंबऱ्यावर रिकाम्या हाताने उभे राहायचे नाही. आमच्या गल्लीत सुई मागायला जायचे तरी मुठीत चार शेंगदाणे असतात. परसात सालाकची सहा झाडे आहेत. फळांची साल सापाच्या कातडीसारखी, आत गोड, पांढरा गर. मी टोपली भरली, वर केळीचे पान घातले आणि मोटरसायकलला बांधली. तुकिजान कुंपणाशीच होते. त्यांनी टोपलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि टोपी काढून मला नमस्कार केला. त्या नमस्काराचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कचेरीत हानुंगने मला पाहिले आणि तो आनंदाने उठला. मग त्याने टोपली पाहिली आणि तो पुन्हा बसला. त्याचा चेहरा, मी त्याला एकदा वर्गात पुस्तक उघडून उत्तर लिहिताना पकडले होते, त्या दिवशीसारखा झाला. छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा होता. त्याने त्याच्याकडे डोळ्यांनी निर्देश केला आणि अत्यंत नम्रपणे, जवळजवळ कुजबुजत, टोपली परत न्यावी अशी विनंती केली.

आता, दिलेली वस्तू परत नेणे म्हणजे आमच्याकडे घेणाऱ्याचे तोंड पुन्हा न पाहण्याची शपथ घेणे. मी म्हणालो, “अरे, घरची आहेत. झाडावरची.”

“मला माहीत आहे, पाक गुरू. मी लहानपणी चोरून खाल्लीयत ती.”

“मग आता राजरोस खा.”

“आता खाल्ली तर ती खरी चोरी होईल.”

हे वाक्य इतके निर्दोष होते की त्याला शिकवणारा मीच असल्याचा मला क्षणभर अभिमान वाटला. परंतु अभिमानाने टोपलीचा प्रश्न सुटत नव्हता. मी नेत नाही, तो घेत नाही, आणि टोपली टेबलाच्या मधोमध. अखेर हानुंगने खणातून एक फॉर्म काढला. नाकारता न आलेल्या भेटीची नोंद करण्याची रीत सरकारने घालून दिली आहे. शिपाई टपालाचा वजनकाटा घेऊन आला. सालाकचे वजन झाले, चार बाजूंनी छायाचित्रे निघाली. एकात मीही आलो, टोपलीच्या मागे, पकडलेल्या माणसासारखा उभा. ‘देणाऱ्याचा हेतू’ या रकान्यात मी बराच विचार करून लिहिले : ‘रीत’.

पुढचा रकाना वाचताना हानुंगचा आवाज उतरला. “देणाऱ्याचं कोणी नातलग चालू भरतीत उमेदवार आहे का?”

मी सदतीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले होते. त्या क्षणी मला प्रथमच वाटले की हा विषय पाठ्यक्रमात जरा कमी ठेवायला हवा होता. मी निंग्रुमचे नाव सांगितले. त्याने ते लिहिले. त्याचे अक्षर अजून सुंदर आहे.

नाशवंत वस्तू म्हणून सालाक त्याच दुपारी अनाथाश्रमात रवाना झाले. मला पावती मिळाली. घरी परतताना अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आले की तिकिटाविषयी विचारायचे राहूनच गेले. तोपर्यंत साइट सुरू झाली होती आणि निंग्रुमने ग्रंथालयातूनच तिकीट लावून अर्ज भरला होता.

त्या संध्याकाळी मी पावती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सर्व सांगितले. सुवार्ती तोंडावर ओढणी घेऊन आत गेली. निंग्रुमने पावती वाचली. वजनाचा आकडा वाचला, हेतूचा रकाना वाचला आणि आपल्या नावापाशी बराच वेळ थांबली.

“बापाक,” ती शेवटी म्हणाली, “आयुष्यात एकदा लाच दिलीत, तीही पावती घेऊन.”

ती हसली, आणि मला बरे वाटले. मग ती उठून अंगणात गेली आणि पाठमोरी उभी राहिली, तेव्हा मला कळले की ती हसली होती ती माझ्यासाठी.

गल्लीत मात्र माझी प्रतिष्ठा एकदम वाढली. जी माणसे सदतीस वर्षांच्या सचोटीला भोळसटपणा समजत आली होती, ती आता मला वाटेत थांबवून आदराने चौकशी करू लागली. एकाने आपल्या पुतण्याच्या बदलीसाठी माझी ओळख वापरता येईल का, असे विचारले. अनाथाश्रमाचे आभाराचे पत्र आले, मोठ्या शिक्क्याचे. ते बू सारिनेमच्या हॉटेलात वाचून दाखवण्यात आले. तुकिजान यांची तक्रार एवढीच होती की टोपली लहान होती. ते म्हणाले, “पहिली वेळ आहे म्हणून सोडून देतो. पुढच्या वेळी मला विचारा, बदकं देतो.” मी खुलासा करीत असे, आणि जितका खुलासा करी तितकी त्यांची खात्री पटे.

परीक्षेस पात्र उमेदवारांची यादी लागेपर्यंतचे तीन आठवडे मी कसे काढले ते लिहीत नाही. माझ्या रीतीपायी मुलीचे अकरा दिवस, अकरा वर्षे आणि ते खाकी कापड, सगळे पाण्यात गेले, एवढा एकच विचार डोक्यात होता. यादीत तिचे नाव होते. मी ते चार वेळा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले.

परीक्षा सोलोच्या एका सभागृहात होती. उमेदवार आत, पालक बाहेर मांडवात, आणि समोर तो पडदा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी शर्यतीची कबुतरे उडवणाऱ्यांच्या माना आठवाव्यात. आत कोणी बरोबर उत्तर दिले की बाहेर त्याचे नाव वर सरके, आणि मांडवात कोणीतरी एकदम उभे राही. फक्त खुर्च्यांचा आवाज येत होता.

माझ्या शेजारी एक बारीक अंगाचे गृहस्थ बसले होते. नाव पाक ङातिमिन. मेरबाबूच्या वरच्या उतारावर त्यांची कोबीची शेती होती. पहाटेच्या भाजीच्या ट्रकमधून बापलेक आले होते, आणि उतरताना यांचा चष्मा ट्रकमध्येच राहिला होता. त्यांनी मोठ्या संकोचाने मला विचारले की त्यांच्या मुलीचे नाव दिसते का, मुर्वानी. मी शिक्षक. वाचून दाखवण्याची विनंती मला कधी नाकारता आली नाही. मी दोन्ही मुलींची नावे वाचू लागलो. निंग्रुम वर गेली की मला आनंद होई, मुर्वानी वर गेली की त्यांना. आणि एकमेकांच्या आनंदात आम्ही भर घालीत होतो. त्यांनी केळीच्या पानात बांधलेला चिकट भाताचा लेम्पर दिला, मी घरची वड्यांची डबी उघडली.

परीक्षा संपायला वीस मिनिटे उरली असताना मी सहज विचारले, त्यांची मुलगी कोणत्या पदासाठी बसली आहे.

“जुन्या पोथ्यांची खोली आहे म्हणे एक,” ते म्हणाले. “आमच्याच डोंगरातल्या पोथ्या आहेत. तिच्या पणजोबांच्या घरनं एक नेली होती. ती पोरगी लहानपणापासनं विचारते, आपली पोथी कुठंय.”

त्यानंतर मी पडद्याकडे पाहिले तेव्हा तीच दोन नावे मला निराळी दिसली. निंग्रुम चारशे सोळा. मुर्वानी चारशे अकरा. मुर्वानी चारशे सोळा. निंग्रुम चारशे एकवीस. बहुतेक प्रश्नांना पाच-पाच गुण, थोड्यांना कमी, आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांवर दोघी आळीपाळीने पाय ठेवीत असल्यासारखे चालले होते. शेजारून दर थोड्या वेळाने मृदू आवाज येई, “किती झाले, पाक गुरू?” मला कबूल केलेच पाहिजे की एकदा, एकदाच, तिचे पाच गुण सांगायला माझी जीभ जड झाली. आकडा न सांगितल्याने तो पडद्यावरून पुसला जाणार नव्हता, हे मला कळत होते. तरीही जड झाली. मग मी सांगितला. या परीक्षेत कोणीतरी मलाही गुण देत असावे असे मला वाटले.

वेळ संपली. नावे स्थिर झाली. मुर्वानी चारशे सव्वीस. विद्यानिंग्रुम चारशे एकवीस.

“किती?” त्यांनी विचारले.

“तुमची मुलगी सगळ्यांत वर आहे, पाक.”

त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुमची?”

“तिच्या खाली. लगेच खाली.”

दोघी एकाच पदासाठी बसल्या होत्या हे त्यांना तेव्हा समजले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. कोबी कापून कापून त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या.

निंग्रुम बाहेर आली, पडद्यासमोर उभी राहिली, आणि आपले नाव शोधायला तिला एक क्षणही लागला नाही. ती म्हणाली, “एक उत्तर बदललं मी, बापाक. आधीचं बरोबर होतं.” पुढे वाटभर ती बसच्या खिडकीतून भाताची खाचरे बघत राहिली.

तरीही माझ्या मनातला काटा जात नव्हता. मी पुन्हा हानुंगकडे गेलो, या वेळी रिकाम्या हाताने. आयुष्यात प्रथमच कोणाच्या उंबऱ्यावर तसा उभा राहिलो. हातांचे काय करावे ते कळेना, म्हणून शेवटी पाठीमागे बांधले. मी विचारले, त्या टोपलीमुळे तर काही झाले नाही ना.

तो म्हणाला, “पाक गुरू, सालाकचे गुण वजा करायची सोय त्या यंत्रात नाही.” मग पुढे, “मिळवायचीही नाही. तुम्ही ट्रकभर आणली असतीत तरी.”

मी निरोप घेतला. जिन्यावर मला जे वाटले ते दुःखच होते, परंतु त्याला कोठेही डाग नव्हता. तुकिजान कुंपणाशी वाट पाहतच होते. ते म्हणाले की त्यांनी आधीच सांगितले होते, टोपली लहान पडली. एरवी मी अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी एवढेच म्हणालो, “नाही. पडदा मी स्वतः वाचला.” आणि ते बदकांकडे वळले.

पुढच्या महिन्यात मुर्वानी रुजू झाली. तिला काम शिकवण्याचे काम कंत्राटी कर्मचारी विद्यानिंग्रुम हिच्याकडे आले. पहिल्या दिवशी निंग्रुम घरी आली आणि जेवताना आपण होऊन बोलली, ही गोष्ट बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. मुलीचा हात हलका आहे, म्हणाली. तेल जास्त घेते, पण शिकेल. पणजोबांची पोथी निंग्रुमनेच तिला काढून दिली. ती पोथी अकरा वर्षे निंग्रुमच्याच कुंचल्याखाली होती. आणि मुर्वानी अजून पांढऱ्या सदऱ्यात येते, म्हणाली, कारण खाकी स्वतःच्या खर्चाने शिवायची असते आणि कोबीला यंदा भाव नाही.

सुवार्ती जेवता जेवता उठली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग डांबराच्या गोळ्यांचा वास. तिने ते कापड निंग्रुमच्या मांडीवर ठेवले.

“नोकरीसाठी घेतलं होतं,” ती म्हणाली. “नोकरीला जाऊ दे.”

निंग्रुमने घडीवरून हात फिरवला. एकदा, कोणी पाहत नाही असे समजून, तिने ते आपल्या खांद्याला लावले. मग पुन्हा घडी घातली, आधीच्याच रेषांवर.

मुर्वानी सचोटीची निघाली. एका सहकाऱ्याकडून कापड मिळाले असे सांगत ती दुसऱ्याच दिवशी हानुंगच्या खोलीत हजर झाली. वजन झाले, छायाचित्रे निघाली, देणाऱ्याच्या कुटुंबप्रमुखाचे नाव म्हणून माझे नाव दुसऱ्यांदा लिहिले गेले. ‘हेतू’च्या रकान्यात निंग्रुमने काय लिहिले ते मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. कागद शिक्का होऊन परत आला : स्वीकारण्यास हरकत नाही.

गेल्या सोमवारी काही निमित्त काढून मी ग्रंथालयावरून गेलो. खिडकीतून दोघी दिसल्या, एक खाकीत, एक पांढऱ्यात, एकाच पानावर वाकलेल्या. जवळ गेलो तर गवती चहाचा वास आला. मी आत गेलो नाही; हातात काही नव्हते.

ज्या मुलीला ते दार उघडले तिचे कल्याण होवो, आणि जिच्यासमोर ते न्यायाने मिटले तिचेही होवो. जो चष्म्याशिवाय बसला होता त्याच्या कोबीला भाव येवो. ज्याने माझी फळे नाकारली त्याचे अक्षर असेच सुंदर राहो. आणि त्या वहीत माझ्या नावापुढे जे काही लिहिले आहे, ते ज्याचे त्याने, सावकाश, चष्मा लावून वाचावे.